जाळीवर चढलेली आई

नगरच्या बागेत मुलांना चढायला दोरीची नवी जाळी लावली आहे. तिच्या कोऱ्या नायलॉनचा वास आला आणि मला तिसगावची शाळा आठवली. तिथे अशीच जाळी आली, तेव्हा आईने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

"ह्या गाठींचा काय भरवसा न्हाई. आधी मी बघते," म्हणत ती नऊवारीचा काष्टा खोचून, एकेक गाठ ओढून बघत चढू लागली. पोरं हसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, उतर ना!"

"थांब गं, वरची गाठ ऱ्हायलीय," ती शेंड्यावरून ओरडली, पण बघत होती दूर शेतांकडे. किती तरी वेळ.

तिच्या संशयी स्वभावाचा तेव्हा फार राग यायचा. आता मलाच तिच्यावर संशय येतो, की तिला मुळात जाळीवर चढायचंच होतं.