आमचे भाटवे आणि चारशे चाळीस व्होल्ट

सभेचा माझ्या भाटव्यांइतका शौकीन माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर आजवर झाला नाही, आणि सभांचे एकंदर दिवस पाहता यापुढे होईलसं वाटत नाही. भाटवे म्हणजे माझ्या ताईचे यजमान. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात, समोर मात्र भाऊजी. दोन माणसं एका बाकावर बसलेली दिसली की भाऊजींना तिथे गणसंख्या पूर्ण झाल्यासारखी वाटायची. घरातसुद्धा त्यांचा कारभार ठरावानं चाले. ताईनं "आज वांग्याची भाजी करू का?" म्हणून विचारलं की ते पेपरातून मान वर न काढता "अनुमोदन कोनाचं?" असं विचारत. मी तिथे पाहुणा म्हणून गेलेलो असलो तर अनुमोदन मला द्यावं लागे, आणि मला वांगं मुळीच आवडत नसे. पण मत विरोधात गेलं तर चर्चा व्हायची, आणि चर्चेपेक्षा वांगं लवकर संपतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, विजेचे खांब उभे राहिले होते आणि शेतकरी विहिरींवर मोटरी बसवून उन्हाळी धान घेऊ लागले होते. भाऊजींचं तुमसरला बसस्टँडच्या रस्त्यावर मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि मागच्या बाजूला घर. मोटर जळली की तिच्या पोटातली जुनी तार ओढून काढायची, नवी भरायची आणि वरून व्हार्निश द्यायचं, हा त्यांचा धंदा; याला ते मोटर बांधणं म्हणत. मोटरी जळतही भरपूर. लाइन लांब, ट्रान्सफॉर्मर लहान आणि मोटरी फार, त्यामुळे चारशे चाळीस व्होल्ट हवेत तिथे तीनशेच पोचायचे. व्होल्टेज कमी पडलं की मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. चैत्र-वैशाखात दुकानापुढे बैलगाड्यांची रांग लागे. कोणी सायकलच्या कॅरियरवर, कोणी पोत्यात गुंडाळून मोटर आणायचा. आणणाऱ्यांचे चेहरे असे, की समोर दवाखाना असता तर डॉक्टरनं आधी त्यांनाच खाटेवर घेतलं असतं.

अशा भरभराटीच्या दिवसांत भाऊजींनी आपल्या धंद्यातल्या लोकांचा संघ काढला. नाव ठेवलं 'भंडारा जिल्हा विद्युत मोटर रिवाइंडिंग कारागीर व व्यावसायिक कल्याण संघ'. पाटी रंगवून आली तेव्हा दुकान अपुरं पडलं. 'कल्याण संघ' हे दोन शब्द शेजारच्या टेलरच्या दुकानाच्या कपाळावर गेले. टेलरनं हरकत घेऊ नये म्हणून भाऊजींनी त्याला सन्माननीय सदस्य करून टाकलं. टेलरलाही ते आवडलं, कारण पाटीमुळे त्याच्या गिऱ्हाइकांना ते त्याच्याच दुकानाचं नाव वाटू लागलं होतं. बाकी सदस्य तीन. एक सिहोऱ्याचे, एक करडीचे आणि एक थेट पवनी तालुक्यातल्या आसगावचे. आसगाववाले इतक्या लांबून काहून येतात, हे मी त्यांना एकदा विचारलं. "घरी झोप नाही होत," ते म्हणाले, आणि सभा सुरू झाल्याबरोबर झोपले. मी भंडाऱ्याला शाळामास्तर. अक्षर बरं, म्हणून मानद चिटणीसपद माझ्याकडे आलं. त्या ठरावाला अनुमोदन ताईनं दिलं होतं.

संघाचे कार्यक्रम जोरात असत. दर महिन्याला सभा, वर्षातून एकदा तलावाच्या पाळीवर वनभोजन आणि त्याला जोडून तार भरण्याची स्पर्धा. स्पर्धेत पहिला नंबर भाऊजींचा येई आणि बक्षीसही अध्यक्ष या नात्यानं तेच देत. ते डाव्या हातानं नारळ देत, उजव्या हातानं घेत आणि मग आम्ही टाळ्या वाजवत असू. सगळ्यात मोठा उपक्रम व्होल्टेजच्या नोंदवहीचा. प्रत्येकानं सकाळ-संध्याकाळ जवळच्या विहिरीवर जाऊन मीटर लावायचं आणि आकडा लिहायचा. करडीवाल्यांची वही फार सुबक असे. एका सभेत भाऊजी ती न्याहाळत होते.

"सोमवारी तीनशे दहा लिवलं तुमी," ते म्हणाले.

"हो."

"सोमवारी तं लाइन दिवसभर बंद होती."

करडीवाल्यांनी जरा विचार केला. "मंग तीनशे दहा रविवारचे असतीन," ते म्हणाले. "उरले असतीन थोडेसे."

आसगाववाल्यांनी झोपेतच मान डोलावली, आणि ते अनुमोदन म्हणून इतिवृत्तात गेलं.

या नोंदवह्यांच्या आधारे, व्होल्टेज पुरेसं मिळावं म्हणून वीज कार्यालयाला निवेदन द्यायचं ठरलं. मजकूर भाऊजी सांगत, मी लिहीत असे. "मोटरी भदाभद जरून राहिल्या," असं त्यांनी सांगितलं की मी लिहायचो, 'विद्युत मोटरी मोठ्या प्रमाणावर निकामी होत आहेत.' भाऊजी कागद नाकाशी नेत आणि परत करत.

"गुरुजी, याच्यातून जरल्याचा वास नाही येत," ते म्हणत.

दारात तांदूळ निवडत बसलेली ताई हे सगळं ऐकत असे. एकदा तिनं सुपातून वर पाहिलं. "मोटरी जरल्याच नाही तं आपन खाऊन काय?" तिनं विचारलं.

भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "हा प्रश्न विषयपत्रिकेवर नाही."

एक दिवस आमचं शिष्टमंडळ भंडाऱ्याला निघालं. पुरावा हवा म्हणून भाऊजींनी एक जळकी मोटर बरोबर घेतली. एसटीच्या कंडक्टरनं तिला टपावर ठेवा म्हटलं, तर भाऊजी म्हणाले, "पुराव्यावर ऊन पडते." शेवटी करडीवाल्यांनी ती भंडारा येईपर्यंत मांडीवर घेतली. वीज कार्यालयातले साहेब तरुण होते, तिकडे पुण्याकडचे, अतिशय सभ्य. त्यांनी सगळं निवेदन वाचलं, नोंदवह्या चाळल्या, टेबलावरची मोटर हात न लावता पाहिली आणि विचारलं, "या मोटरी तुमच्या का?"

"नाही. कास्तकारायच्या," भाऊजी म्हणाले.

"मग तुम्ही कोण?"

"आमी दुरुस्त करतो."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे व्होल्टेज नीट आलं, मोटरी जळायच्या थांबल्या, तर तुमच्याकडे काम येणार नाही. आणि तेच मागायला तुम्ही आलात."

सिहोरावाले आणि करडीवाले एकमेकांकडे पाहू लागले. ही गोष्ट इतक्या शुद्ध मराठीत त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. आसगाववाले जागे झाले. मला वाटलं, आता भाऊजी विषयपत्रिका काढतील. पण ते खुर्चीच्या कडेला बसून हातातल्या टोपीकडे पाहत होते.

"साहेब, ही मोटर मी चारदा बांधली," ते हळूच म्हणाले. "एकाच मानसाची. पाचव्यांदा थो आला. पायरीवर मोटर ठेवली अन् तिच्याच बाजूले बसला. इकडे पान्याबिगर धान वारून चाललं होतं. मले त्याच्या तोंडाकडे पाह्यनं झालं नाही. हे काम मले येते, साहेब. पन अशा कामाची लाज वाटते."

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला आणि निवेदनावर काहीतरी लांबलचक लिहिलं.

परतीच्या एसटीत मोटर कोणी मांडीवर घेतली नाही. तुमसरला उतरायच्या आत सिहोरावाल्यांनी तातडीच्या सभेची मागणी केली, आणि भाऊजींनी ती आनंदानं मान्य केली, कारण सभा ती सभा. विषय एकच, दिलेलं निवेदन परत घ्यावं आणि जिल्ह्यातलं व्होल्टेज समाधानकारक असल्याचं कळवावं. सूचक सिहोरावाले, अनुमोदक करडीवाले. आपल्या विरुद्धचा तो ठराव भाऊजींनी स्वतः उभं राहून, स्वच्छ आवाजात वाचून दाखवला आणि भाषा ढिली आहे म्हणून दोन जागी दुरुस्तही केला. चर्चा तापली. "आमच्या लेकराबारायचं काय?" असं करडीवाल्यांनी विचारलं तेव्हा अध्यक्षांकडे याचं उत्तर नाही, असं भाऊजींनी इतिवृत्तात लिहायला सांगितलं.

मग हात वर झाले. ठरावाच्या बाजूनं दोन. विरोधात भाऊजी आणि टेलर. टेलरच्या सासऱ्याची मोटर त्याच आठवड्यात जळली होती आणि सासरा उपचारासाठी मोटरीसकट त्याच्याकडे मुक्कामाला आला होता. आसगाववाले तटस्थ राहिले. "आमची लाइनच येगरी आहे," ते म्हणाले. बरोबरी झाली म्हणून अध्यक्षांनी निर्णायक मत दिलं, ठराव फेटाळला आणि चर्चा खेळीमेळीत झाल्याबद्दल सर्वांचे आभार मानले. त्या वेळेपर्यंत आभार ऐकायला मी, टेलर आणि झोपलेले आसगाववाले एवढेच उरलो होतो.

दोन उन्हाळे गेले आणि सिहोऱ्याच्या वाटेवर नवीन, मोठा ट्रान्सफॉर्मर बसला, मागोमाग करडीकडेही. आमच्या निवेदनानं बसला की त्याचा नंबरच आला होता, हे कोणालाच माहीत नाही. त्या चैत्रात दुकानापुढे एकही गाडी लागली नाही. करडीवाल्यांनी पिठाची चक्की टाकली, सिहोरावाले पंखे आणि कूलर दुरुस्त करू लागले. दोघांनी भाऊजींशी बोलणं टाकलं नाही, पण सभेला येणं टाकलं. आसगाववाल्यांना घरीच झोप येऊ लागली होती आणि टेलर लग्नाच्या शिलाईत अडकला होता, म्हणून शेवटच्या सभेला भाऊजी आणि मी दोघंच होतो. वीज कार्यालयाच्या अभिनंदनाचा ठराव त्यांनी मांडला. मला मताचा अधिकार नव्हता, म्हणून अनुमोदनाला कोणी उरलं नव्हतं. भाऊजी थोडा वेळ दाराकडे पाहत थांबले. ताई पदराला हात पुसत आतून आली.

"माहं अनुमोदन," ती म्हणाली. "आता जेवून घ्या."

पुढे ताईनं अर्धं दुकान टेलरला भाड्यानं दिलं आणि उरलेल्या अर्ध्यात भाऊजी पंखे, मिक्सर, जे येईल ते बांधत बसू लागले. फक्त बाहेर गाडीबैलाचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं, आणि गाडी पुढे निघून गेली की पुन्हा सुरू व्हायचं.

एका वैशाखात सिहोऱ्याकडे नात्यातलं लग्न होतं. ताई आदल्या दिवशीच गेली होती. भाऊजी आणि मी एसटीतून उतरून बांधाबांधानं चालत निघालो. दोन्हीकडे उन्हाळी धान हिरवंगार उभं होतं. एका विहिरीशी भाऊजी थबकले. मोटर चालू होती. त्यांनी मान कलती करून बराच वेळ तिचा आवाज ऐकला. झाडाखालून शेतकरी उठून आला.

"कोनत्या गावचे पाहुने?"

"तुमसरचे," भाऊजी म्हणाले. "मोटर सुदी चालते नं?"

"आता चालते. पयले दर उन्हाऱ्यात जरे. मंग गावच्या मारोतीले नारेल कबूल केलं. तवापासून नाही जरली."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊजींनी माझा दंड धरला. "चांगलं केलं," ते म्हणाले. "बेरिंगले ग्रीस तेवढं देत जा."

"तुमाले मोटरीतलं समजते वाटते."

"थोडंसंक," भाऊजी म्हणाले.

शेतकऱ्यानं पाणी प्या म्हटलं. भाऊजींनी चप्पल काढली, पाइपासमोर वाकून ओंजळ धरली. पाणी असं धाडकन आलं की ओंजळीत थेंब राहिला नाही आणि लग्नासाठी खास इस्त्री केलेलं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. तरी ते बाजूला झाले नाहीत. तसेच वाकून, दोन्ही हात धारेत धरून उभे राहिले. निघायला हवं, हे मला दोनदा सांगावं लागलं.

मांडवात ताईनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढे कुठं भिजले?"

"पान्याले लय जोर आहे आता," भाऊजी म्हणाले, आणि पंगतीत जाऊन बसले.