देवळाच्या चित्रासमोर काढलेल्या चपला

मी ऑडिटमधली बाई. कागद दाखवा, मग बोला... भुताखेतांनाही माझा हाच नियम. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

आम्ही शारजात, अल मजाजला राहतो. आई गेल्यावर बाबांना इथे घेऊन आले. बाबा रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, सगळा जन्म वॉटरकलरमध्ये गेलेला. पण आई गेली आणि ब्रश सुटला तो सुटलाच. दिवसभर खिडकीशी बसून राहायचे, जेवायचे जेमतेम दोन घास. माणूस हातचा चाललाय, हे मला दिसत होतं.

म्हणून एका शुक्रवारी त्यांना प्रदर्शनाला नेलं. जुन्या काळी इजिप्तमध्ये हिंडलेल्या युरोपियन चित्रकारांनी तिथल्या प्राचीन देवळांची काढलेली वॉटरकलर्स. एका चित्रापाशी – अर्धं वाळूत गाडलेलं देऊळ, भर दुपार – बाबा थांबले आणि चक्क चपला काढून बाजूला ठेवल्या.

"आजोबा, इट्स ओन्ली अ पेंटिंग," माझी लेक इरा कुजबुजली. गार्डही आला. "अंकल, चप्पल पहनो."

"देवळासमोर चपला घालून उभं राहायचं?" बाबा शांतपणे म्हणाले आणि हात जोडून उभे राहिले. बराच वेळ. मी लाजेनं अर्धमेली.

निघताना बाबांनी चपलेत पाय घातला आणि कळवळले. "पोळलेत गं." मी खाली वाकले. तळवे लालबुंद, बोटांच्या बेचक्यांत बारीक पिवळी वाळू. एसीनं गार पडलेल्या फरशीवर मात्र एक कण नाही. आम्ही बेसमेंट पार्किंगमधून लिफ्टनं थेट वर आलेलो. गार्डनं ती वाळू चिमटीत धरली. "गरम है," एवढंच म्हणाला.

नवऱ्याचं म्हणणं, शारजात वाळूला काय तोटा? असेलही. पण तळव्यांना फोड आले त्याचं काय? खोबरेल लावलं ते मीच ना.

घरी आल्या आल्या बाबांनी इराचे रंग मागितले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. तेच देऊळ काढलं, पण खांबांची सावली निळी. "त्या साहेबानं तपकिरी केलीय," म्हणाले, "घाईत असेल. तुझी आई बसलीय ना तिथे... चांगली गार, निळी सावली आहे."

मी किचनमध्ये जाऊन पोटभर रडले. तेव्हापासून बाबा रोज रंगवतात, नीट जेवतात, माझ्या भाजीला नावं ठेवतात. मला आणखी काय हवं?

उलगडा आजही झालेला नाही. हल्ली बाबा म्हणतात, ते चित्र पुन्हा एकदा बघू या. मी "इन्शाल्ला, पुढच्या शुक्रवारी" म्हणून टाळतेय, आणि प्रदर्शन संपेपर्यंत टाळणार आहे. आईनं एकदा परत पाठवलंय त्यांना. दुसऱ्यांदा पाठवेलच असं नाही, आणि मला ते अजून हवेत.