धोंड्याच्या महिन्यातला एसी

एसी दुरुस्त करणं हा माझा धंदा. कोल्हापुरात माझं छोटं दुकान आहे, आणि उन्हाळ्यात माझ्या फोनला उसंत नसते. कुठला एसी कशानं रुसलाय हे मी जिना चढता चढता नुसत्या आवाजावरून सांगतो. याला फुशारकी म्हणा, माझी काही हरकत नाही. पण माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, लग्नातच सगळ्या भावकीला सांगून टाकलं होतं की जावई मोठ्या कंपनीत साहेब आहे. का, तर पोरगी शिडीवर चढणाऱ्याला दिली असं कुणी म्हणू नये. बायकोनं हे मला लग्नानंतर हसत हसत सांगितलं. मला राग आला, आणि तो काही केल्या जाईना. या माणसानं एकदा, फक्त एकदा, चारचौघांत माझं काम काय ते सरळ सांगावं, एवढीच माझी इच्छा होती.

लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला तो ऐन उन्हाळ्यात. जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं म्हणजे मामांच्या अंगात संचारलं. घर गडमुडशिंगीला, दारात म्हशी, आणि हौस दांडगी. जावयाला उकडू नये म्हणून त्यांनी बाहेरच्या खोलीत महिनाभर आधी नवाकोरा एसी बसवून घेतला. तो पण दुसऱ्याच दुकानातून. जावयाला कामाला लावणं बरं दिसत नाही, हे सांगायचं कारण. मी हातोडी घेऊन भिंतीवर चढलेला भावकीला दिसलो असतो, हे खरं कारण.

आम्ही पोचलो. मामांनी माझे पाय धुतले, नवा पोशाख दिला, डोक्याला फेटा बांधला आणि एसीच्या बरोबर खाली पाटावर बसवलं. ताटात पुरण भरलेले धोंडे, त्यावर तुपाची धार. खोलीत भावकी खच्चून भरलेली. आणि एसी बापडा नुसता घुरघुरत होता. वारं नाही, गारवा नाही, मधूनच आतून कडकड आवाज. फेट्याखालून घाम माझ्या कानात उतरत होता. मी ओळखलं की आत बर्फ धरलाय, म्हणजे पुढची जाळी चोंदलीय. पण नव्या एसीची जाळी महिन्याभरात कशानं चोंदावी?

बायको वाढायला आली तेव्हा तिला हळूच विचारलं. तिनं पदर तोंडात कोंबला आणि ती हसून हसून गदगदायला लागली. वर्षाची चटणी, म्हणजे लाल तिखट, करून ठेवायचे दिवस चाललेले. डंकावर मिरच्या कुटायला न्यायच्या आधी त्यांची देठं खुडायला लागतात, आणि घरात गार खोली असताना बायका उन्हात कशाला बसतील? महिनाभर रोज दुपारी मामी आणि गल्लीतली सगळी फौज एसी लावून तिथंच मिरच्या निवडत होती. आता बोला. म्हणजे माझ्या फेट्याच्या बरोबर वर संकेश्वरी मिरचीची बारीक पूड दाबून भरलेली होती.

मी मामांना हळूच म्हटलं, मी बघू का जरा? त्यांनी असे डोळे वटारले की मी धोंडा गिळला. रिमोट घेऊन त्यांनी आकडा पार तळाला नेला. मी म्हटलं, अशानं बर्फ आणखी वाढेल. तेवढ्यात गगनबावड्याची आत्या, म्हणजे मामांची थोरली बहीण, मधे पडली. साहेबांना कशाला त्रास देताय, म्हणाली, त्यांना निवांत जेवू द्या. मामांना तेवढंच पाहिजे होतं. ते स्वतःच स्टुलावर चढले आणि चालू एसीचं पुढचं झाकण त्यांनी उघडलं.

मी ओरडलो, आधी बंद करा. पण मामांनी तोवर जाळीवर सणसणीत चापट मारली होती.

बाबो! तांबडा लोट सुटला. एसीनं जे काय वारं शिल्लक होतं ते सगळं मिरचीच्या कामी लावलं. भावकी खोकायला लागली, शिंकायला लागली, आणि मधेच हसायला लागली. हसायला तोंड उघडलं की पुन्हा ठसका. कुणी खिडकीला लटकलं, कुणी गोठ्याकडं पळालं. बायको जमिनीवर बसून पोट धरून हसत होती, आणि तिला बघून मलाही आवरेना. मामा मात्र डोळे मिटून, झाकणाला धरून, स्टुलावर डुलत होते.

आत्या खोकत खोकत म्हणाली, साहेबांना आधी बाहेर न्या, त्यांच्या हापिसात असलं कुठं असतंय.

"सायेब कुठलं, आक्का," मामा वरूनच बोलले. "खोटं बोललोय मी. एसी दुरुस्त करत्यात आमचं पावणं. पावणं, वर या की, मला काय दिसंना झालंय."

माझ्या अंगात असं वारं शिरलं की विचारू नका. मी बटण बंद केलं, मामांना कडेवर घेतल्यासारखं खाली उतरवलं, बाह्या मागं सारल्या आणि फेट्यासकट वर चढलो. बर्फ वितळून पाणी गळणार म्हणून खाली परात ठेवायला सांगितली. जाळी काढून धुवायला दिली. आतल्या पंख्याला चिकटलेली पूड ओल्या फडक्यानं पुसायला घेतली, आणि मला वाटत होतं, हे काम आज संपूच नये.

स्टूल डगमगत होतं. मामांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. डोळे लालभडक, नाक गळतंय, तरी सोडेनात. आणि पळालेली माणसं एकेक करून आत यायला लागली तसं दारात दिसेल त्याला ते वर मान करून सांगत होते, "ह्ये आमचं जावाय. एसी दुरुस्त करत्यात."