वहिनीचं मिलिमीटरचं विमान

माझ्या थोरल्या भावाने गॅरेजमध्ये विमान बांधायला घेतलं, त्या दिवशी माझी मोटरसायकल रस्त्यावर आली. ती अजून रस्त्यावरच आहे. पण ते भांडण दादाशी, आणि सांगायचंय वहिनीबद्दल, म्हणून राहू दे.

वहिनीची सगळी नोकरी पंपांच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात गेली. कारखाना इंच सोडून मिलिमीटरवर आला तेव्हा जुने नकाशे बदलायचं काम तिच्याच टेबलावर होतं. त्यातला एकही पंप परत आला नाही, हे ती पाहुण्यांना पाण्याच्या ग्लासाबरोबरच सांगते. विनय तिच्या अंगाला कधी लागलाच नाही.

दादाने मागवलेले नकाशे एका माणसापुरत्या लाकडी विमानाचे होते, घरी बांधता येईल अशा. सगळी मापं इंचांत, तीही बत्तिसाव्या भागापर्यंत. आमच्या बाजारात प्लाय, पत्रा, बोल्ट, सगळं मिलिमीटरमध्ये. "त्यात काय, पंचवीस पूर्णांक चारने गुणायचं की झालं," दादा म्हणाला. त्याने आयुष्यभर मुलांना वेल्डिंग शिकवलं. हात सोन्याचा, पण हिशेब 'एवढंतेवढं चालतंय' या जातीचा.

पहिल्या पंखाच्या फासळ्या त्याने स्वतःच लावल्या. दोन फासळ्यांमधलं अंतर दोनशे एकोणनव्वदच्या आसपास येत होतं, पठ्ठ्याने सरळ दोनशे नव्वद धरलं. एका मिलिमीटरने कोणाचं काय अडतंय! शेवटची फासळी लावायला गेला तर ती पंखाच्या टोकाच्या बोटभर बाहेर.

वहिनी चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवला आणि पंखाकडे पाहिलं.

"अहो, थेंबे थेंबे तळे साचे, हे बँकेत. इथे नाही."

"मग तूच कर ना!" दादा चिडून म्हणाला.

"करतेच," वहिनी म्हणाली, आणि खरंच ताबा घेतला.

तिने पंखाच्या मुळाशी एक रेघ मारली. प्रत्येक फासळीचं अंतर त्या रेघेपासून मोजायचं, शेजारणीपासून नाही, म्हणजे एकीची चूक दुसरीच्या गळ्यात पडत नाही. मग मूळ नकाशे तिने आपल्या कपाटात कुलूपबंद केले. गॅरेजमध्ये फक्त तिने नव्याने काढलेले, मिलिमीटरचे कागद. "एका घरात दोन मापं नांदली की घात ठरलेला," ती म्हणाली. "मला इंचांची टेप गॅरेजमध्ये दिसली तर बंबात जाईल." दादाच्या खिशातली टेप निमूटपणे माझ्या खिशात आली.

दोघांची खरी जुंपली ती जाडीवरून. प्लायचं मूळ माप दोन आणि अडीच मिलिमीटरच्या मध्ये यायचं. दादा म्हणायचा, "अडीच घेऊ. जरा जाड असलेलं बरं."

"सगळीकडे जरा जाड घेतलंत तर कपाट होईल. कपाटं उडत नाहीत."

आणि तिचं बरोबरच होतं. विमान, पेट्रोल आणि माणूस मिळून वजनाची मर्यादा ठरलेली होती. ती ओलांडली तर सरकारी तपासनीस उड्डाणाच्या परवान्यावर सही करणार नव्हता, आणि शाळेत असल्यापासून विमानाचं वेड घेतलेल्या माझ्या भावाला स्वतःच्याच विमानात बसता आलं नसतं. म्हणून जिथे अडीच लागेल तिथेच अडीच, आणि वाढलेला प्रत्येक ग्रॅम दुसरीकडून कापायचा. चाकांच्या आधाराच्या पट्ट्यांना हव्या त्या जाडीचा पत्रा मिळेना, तेव्हा तिने त्याला चार मिलिमीटरचा आणायला लावला आणि मशीनवर घासून घासून मापात बसवून घेतला. दादा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. घासायला तिने लावलं आणि राग माझ्यावर.

सगळ्यात शेवटी तिने वजनांचा कागद काढला. त्यात एक ओळ होती: चालक, साडेशहात्तर किलो. दादा तेव्हा चौऱ्याऐंशी किलोंचा होता.

"हे जरा वर उचलता येणार नाही का?" त्याने विचारलं.

"तुम्हाला उचलायचं काम विमानाचं आहे. माझं नाही."

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या पावावरचं लोणी बंद झालं. चहातली साखर गेली, संध्याकाळची बिस्किटं गेली. विमान भरत गेलं आणि दादा वाळत गेला. त्याच्यासमोर मी मुद्दाम चवीने खायचो, हे कबूल करतो. मोटरसायकलचा थोडा तरी सूड नको?

वजनाच्या दिवशी धावपट्टीवरच्या शेडमध्ये तिन्ही चाकांखाली काटे लावले. तपासनीस तरुण होता, पण कामाला चोख. मग दादा काट्यावर उभा राहिला, श्वास रोखून, जणू हवेचंही वजन भरणार होतं. सगळी बेरीज मर्यादेच्या आत आली, अगदी केसभर. दादाने माझा हात इतका दाबला की बोटं वाजली.

पण तपासनीस मूळ नकाशे आणि वहिनीचे कागद शेजारी ठेवून बघत होता. त्याने पेन खाली ठेवलं.

"बाई, मुळात चालक एकशे सत्तर पौंडांचा आहे. म्हणजे सत्त्याहत्तर किलोंच्याही जरा वर. तुम्ही साडेशहात्तर लिहिलंत."

"हो."

"आणि पंख जोडायच्या या चार पट्ट्या. मूळ जाडी सव्वातीन मिलिमीटरच्या आत, तुम्ही पूर्ण चार ठेवलीत. चाकांच्या पट्ट्या घासून घेतल्यात, मग या का नाही?"

दादा वहिनीकडे बघायला लागला. मूळ कागद कपाटात गेल्यापासून त्याने पाहिलेच नव्हते ना! पट्ट्या चारच्या सांगितल्या, त्याने चारच्या कापल्या.

"त्याने धोका काही नाही, ताकदच वाढते. बोल्टही तेवढे लांब घेतलेत," वहिनी म्हणाली. आवाज नेहमीसारखाच ठणठणीत होता. "बाकी सगळं मी जसंच्या तसं केलं. पण तिथे पंख अडकतात, आणि आत हे बसणार. नाही घासावंसं वाटलं. जे अर्धा किलोभर वाढलं, ते ह्यांच्यातून वजा केलं."

"म्हणजे माझं लोणी..." दादा म्हणाला.

"त्या पट्ट्यांत आहे."

तपासनीस हसत सुटला आणि त्याने सही केली. मला हसू आलं नाही. या बाईवर मी आजवर जीव टाकत होतो तो उगाच नाही, एवढंच वाटलं.

दादा उडाला. दोन फेऱ्या मारून उतरला, सरळ. वहिनी सगळा वेळ पंखांच्या मुळाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने त्याच्यासमोर पाव ठेवला, त्यावर बोटभर जाडीचं लोणी. दादाने बशी हळूच बाजूला सरकवली.

"राहू दे. पट्ट्या अजून तिथेच आहेत ना?"

वहिनीने पदराने डोळे पुसले आणि वर मलाच दटावलं, "भावजी, बघत काय बसलात, खा तो." मी खाल्ला. माझं वजन कुठल्याच नकाशात धरलेलं नाही.