शिंगाड्याच्या तळ्यातलं जलावतरण

आता का सांगू बाप्पा तुमाले, माह्यं जमत आलेलं लग्न मी माह्याच हातानं पाण्यात घातलं होतं!

मी तेव्हा समुद्रकाठच्या सरकारी जहाज कारखान्यात वेल्डर होतो. इकडे मायनं आमच्या साऱ्या नंदनवन वस्तीत उठवून दिलं, "माहा पोट्टा जहाजं बनवते!" आता एक जहाज हजार माणसं बनवतात, मी आपला पत्र्याले वेल्डिंग मारायचो. पण मायले कोण सांगन?

सुटीत सावनेरले पोरगी पाहाले गेलो. कुसुम तिचं नाव. मले त पाहताक्षणी पसंत! पण तिचे बाबा म्हणाले, "पोरगी एवढ्या दूर द्याची, त जावयाच्या हातात कसब पाहिजे. जहाजवाले ना तुमी? मंग आमचा डोंगा पाहा जरा."

शेताजवळच्या तळ्यातले शिंगाडे काढाचा जुना लाकडी डोंगा होता तो. फटीफटीतून पाणी! अन् मी पडलो लोखंडाचा माणूस. पण होणाऱ्या सासऱ्यासमोर नाही म्हणता येते का? फटीत चिंध्या कोंबल्या, वरून डांबर थापलं. पाणी बंद!

"वा गा, जमलं!" म्हणत कुसुमचे बाबा काठाले लागलेल्या डोंग्यात जाऊन बसले.

तिथंच थांबाले का झालं होतं मले? पण अंगात आलं ना! होणाऱ्या सासऱ्यालेच म्हणलं, "थांबा मामाजी! आमच्याकडे नाकावर नारळ फोडल्याबिगर जहाज पाण्यात सोडत नाहीत!"

नारळ आला. शेजारीपाजारी जमले. काठावर कुसुम. आमची जहाजं म्हणजे जाडजूड लोखंड, मी त्याच अंदाजानं नारळ हाणला.

धाडकन्!

नारळ शाबूत. डोंग्याची फळीच फुटली! धक्क्यानं डोंगा सरकला आत, अन् पाणी डोंग्यात.

"अरे, मी बुडून राहिलो ना!" मामाजी बोंबलले. मी धावलो, त गाळात मांडीपर्यंत रुतलो. शेवटी कुसुमनं बैलाचं दावं फेकलं. आधी बापाले ओढलं, मंग मले.

मामाजी चिखलानं माखलेले. म्हणाले, "काहून गा, तुमच्या कारखान्यातून एखादं तरी जहाज बाहेर पडते का?"

झालं, सोयरीक मोडली! मले त रडूच येऊन राहिलं होतं. पण कुसुम तोंडाले पदर लावून म्हणे, "बाबा, हो म्हणा. या माणसाले एकटं परत धाडणं बरं नाही."

झालं लग्न. पुढं कधीतरी स्कूटर घेतली. हार घातला, कुंकू लावलं. मी नारळ उचलाले वाकलो, त कुसुम ओरडली, "तुमी दूर व्हा जी! गाडी अजून नवी आहे!"