चावी कुणाला द्यायची नसते हो!

क्लास काढला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. शनिवारी मांडवा जेट्टीवर रिक्षा साचतात तसे! किहीमला माझा छोटा कम्प्युटर क्लास आहे. टायपिंग, टॅली, असलंच. पण दुपारच्या बॅचला येणाऱ्या तिघांना एकच विषय हवा असतो : क्रिप्टो! होमस्टे चालवणाऱ्या सुषमावहिनी, कुवेतहून कायमचे परतलेले नासिरचाचा आणि रिटायर्ड हेडमास्तर म्हात्रे सर. तिघांनीही आधी पैसे घातले, मग शिकायला आले. माझं डोकं फिरतं ते इथेच!

*

पहिल्याच तासाला मी सांगितलं, "की म्हणजे चावी. पब्लिक कीवरून तुमचा ॲड्रेस तयार होतो. तो खुशाल द्या, लोक त्यावर कॉइन पाठवतील. प्रायव्हेट की मात्र ज्याच्या हातात, कॉइन त्याचे. ती द्यायची नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही!"

दुसऱ्या दिवशी चाचांच्या मुलाचा कुवेतहून मला फोन. "मॅडम, अब्बांना कॉइन पाठवायचेत, पण ते ॲड्रेसच देत नाहीत! म्हणतात, मॅडमनी मना केलंय!"

मी चाचांना गाठलं. "अहो, तो पब्लिक कीचा आहे, द्यायचाच असतो!"

चाचा माझ्यावरच तापले. "सगळ्यांना द्यायची ती चावी कसली? दारावरची पाटी म्हणा ना सरळ!"

आता ज्याने हे नाव ठेवलं, त्याला कुठे शोधू मी?

*

मग एका रिसॉर्टवर फुकट सेमिनार झाला. टायवाला एक तरुण, घामाघूम, स्टेजवरून ओरडत होता, "टेन्शन घेऊ नका! तुमची प्रायव्हेट की आम्ही सांभाळू!" लोक टाळ्या वाजवत होते. माझ्याच गावचे लोक! संतापाने माझे कान तापले.

चाचा उभे राहिले. "बेटा, घर माझं आणि चावी तुझ्याकडे. मी आत कसा जाणार?"

तो गोड हसला. "अंकल, आधी जेवून घ्या. सुरमई गरम आहे!"

आणि निम्मा हॉल खरंच उठला की हो!

*

प्रायव्हेट की म्हणजे आकड्या-अक्षरांची लांबच लांब शेपटी. ती कोण लक्षात ठेवणार? म्हणून वॉलेट, म्हणजे कॉइन सांभाळणारं मोबाइलमधलं ॲप, बारा साधे इंग्रजी शब्द देतं. मोबाइल हरवला तरी ते शब्द त्याच क्रमाने टाकले की सगळं परत मिळतं. म्हणजे ते शब्दही चावीच!

म्हात्रे सरांचा मोबाइल समुद्रात पडला. मी म्हटलं, "घाबरू नका, शब्द आणा." सरांनी सुरेख अक्षरातला कागद आणला. वीस वेळा टाकून बघितले. वॉलेट उघडेना.

मला शंका आली. "सर, हे एवढे ए-टू-झेड कसे लागलेत?"

"मीच लावले!" सर अभिमानाने म्हणाले. "फारच अस्ताव्यस्त होते. जुना कागद फाडून टाकला."

मी डोक्याला हात लावला. सर म्हणाले, "ठीक आहे, अर्ज देतो. यांचा मॅनेजर कोण?"

"मॅनेजर नसतो, सर. ब्रँचही नसते."

"मग तक्रार कुणाकडे करायची?"

"कुणाकडेच नाही."

"मग तुझ्याकडे करतो!" तेव्हापासून सर रोज येतात आणि मला झापतात!

*

वहिनींचं ऐकून मात्र मला हसू आलं नाही. होमस्टेला वर एक खोली काढायची म्हणून त्यांनी ते कॉइन ठेवले होते. एका दुपारी आल्या त्या रडतच. वॉलेट रिकामं!

"वहिनी, बारा शब्द कुणाला दिले का?"

"न्हाय गो! तूच सांगितलंस ना, प्रायव्हेट हाय म्हणून? बाहेर कुठं न्हाय टाकले. फक्त फॅमिली ग्रुपवर टाकले. हरवायला नकोत म्हणून!"

फॅमिली ग्रुप! त्यात माहेरचे, सासरचे, लग्नातला केटररसुद्धा! पैसे गेल्याचं कळल्यावर एकेकाने रडक्या इमोजी पाठवल्या. त्यातलाच कुणीतरी चोर होता आणि तोही इमोजीत रडत होता! मी त्या सगळ्यांना फोनवर फाडफाड बोलले. कुणी कबूल केलं नाही. वहिनी महिनाभर क्लासला आल्या नाहीत.

*

आल्या त्या दिवशी बॅच चालू असतानाच त्यांचा फोन वाजला. वहिनींनी स्पीकर लावला.

"मॅडम, हम रिकव्हरी डिपार्टमेंटसे बोल रहे हैं. आपके गये हुए कॉइन वापस मिलेंगे. नये वॉलेट के बारा वर्ड्स बताओ."

लुटलेल्या बाईला पुन्हा लुटायला निघालेला मेला! मी फोन हिसकावायला उठले. वहिनींनी हातानेच मला खाली बसवलं.

"लिही रे बाबा. पापलेट. सुरमई. बांगडा. हलवा."

"पापलेट का स्पेलिंग, मॅडम?"

म्हात्रे सरांनी मागून स्पेलिंग सांगितलं.

"रावस. मांदेली. बोंबील. कर्ली. मुडदुशी. जिताडा. घोळ. तिसऱ्या."

पलीकडे बराच वेळ टकटक चालली होती. मग आवाज आला, "मॅडम, ये वर्ड्स तो मॅच नहीं हो रहे!"

"मग बर्फातले असतील," वहिनी म्हणाल्या. "उद्या सकाळी फोन कर, ताजे सांगते!"