गडावरचा धागा आणि गप्प झालेली गाडी

माझ्या सिंधूआत्यावर अन्याय झाला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठ वाजता, सुरगाण्यात, तिच्या स्वतःच्या अंगणात. आरोपी: गडावरची देवी. त्या सकाळी हे मी मोठ्याने बोलले होते आणि बाबांनी कानांवर हात ठेवले होते.

प्रकरण असं. पहाटे आत्याच्या उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा उतरायला लागला. नाशिकच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय, दुपारच्या आत घेऊन या, उशीर झाला तर डोळा जाईल. तिचा डावा डोळा लहानपणापासून अधू. म्हणजे हा गेला की सगळंच गेलं. नशीब म्हणजे मी आणि बाबा तिथेच होतो. दसऱ्याला गडावर नव्या गाडीची पूजा करून आदल्या संध्याकाळी आत्याकडे मुक्कामाला आलो होतो. आमच्या घरची रीत अशी की गाडीच्या दोन्ही किल्ल्या देवीच्या पायावर ठेवायच्या, एकाच लाल धाग्यात बांधून घ्यायच्या आणि कोजागरीपर्यंत तो धागा सोडायचा नाही. निघताना आत्याने चाचपडत किल्ल्या मागितल्या. सैल झालेला धागा तिने देवीचं नाव घेत घट्ट गुंडाळला, दोन्ही किल्ल्यांची एक मोळीच केली आणि म्हणाली, "चल आता. ती नेईल."

किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, दोन श्वास चालली आणि गप्प. पुन्हा फिरवली. पुन्हा सुरू, पुन्हा गप्प. सुरूच झाली नसती तर मी समजू शकले असते. पण ही दर वेळी आशा लावायची आणि तोंड फिरवायची. लोकांच्या मागण्या घेऊन कचेऱ्यांत फिरताना निवेदन हसत स्वीकारून फाईलखाली सरकवणारे साहेब मी पुष्कळ पाहिलेत, ही गाडी त्यांच्यातलीच निघाली. बाबा जीप बघायला स्टँडवर धावले. सगळ्या जीपा द्राक्षांच्या छाटणीला मजूर घेऊन केव्हाच गेल्या होत्या, ते तसेच परतले.

तोवर अंगणात गर्दी. शेजारचे भिकामामा बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "बॅटरी हाय. बॅटरीशिवाय दुसरं काय नाय."

"मामा, बॅटरी गेली असती तर सुरू कशी झाली असती?"

"तेच तर. थोडी हाय, लय नाय."

दुसऱ्याचं म्हणणं पेट्रोलात पाणी. तिसऱ्याचं, गाडीला दृष्ट लागली, लिंबू उतरवा. नाशिकच्या मेकॅनिकने फोनवरून हवेचा फिल्टर काढायला लावला. काढला, झटकला, बसवला, काही नाही. मग म्हणाला, पंप गेला असेल, टोचन करून आणा. कशाने आणू? बैलाने? समोर मीटरवर किल्लीचं एक छोटं लाल चित्र लुकलुकत होतं. किल्ली लावलीय तर किल्लीचंच चित्र दिसणार, असं सर्वांचं एकमत झालं, माझ्यासकट. मागच्या सीटवर आत्या उजव्या डोळ्यावर तळवा धरून बसली होती. "अर्धं गेलं गं," एवढंच म्हणाली. मी स्टीअरिंगवर डोकं टेकलं आणि देवीशी भांडले. तुझ्याच पायावरून आणलेली गाडी, तुझंच नाव घेणारी बाई. लाज वाटत नाही?

तेवढ्यात खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर गवताचा भारा, वाटेने चाललेली, कोणाच्याच ओळखीची नाही. तिला गाडीचं काही पडलं नव्हतं. तिची नजर किल्लीवर. "बाय, ह्यो गडाचा धागा का? मला दे ना. लेक उद्या पहिल्यांदा छाटणीला जाती, तिच्या हाताला बांधीन."

अशा वेळी हे! मी तिच्यावर ओरडणारच होते.

"कोजागरीपर्यंत सोडायचा नाही," बाबा म्हणाले.

"दे तिला," मागून आत्या म्हणाली. "पोर घराबाहेर चालली."

"घ्या!" मी किल्ल्या उपसल्या. "आमच्या तरी काही कामाचा नाही." गाठ सुटेना, दातांनी तोडली. बाईने धागा कपाळाला लावून कमरेला खोचला. बाबांनी रागाने दुसरी किल्ली खिशात टाकली. मी उरलेली किल्ली लावली, कशाचीही अपेक्षा न ठेवता.

गाडी सुरू झाली आणि चालूच राहिली. भिकामामा म्हणाले, "बघा. बॅटरी गरम झाली." मी गिअर टाकला.

घाट उतरून दुपारच्या आत पोचलो. ऑपरेशन झालं. आत्याला आता बारीक अक्षर वाचता येत नाही, पण दारात कोण आलं ते ती हाक मारून सांगते.

मला चमत्कार सिद्ध करायचा नाही. नंतर गॅरेजमध्ये कळलं की किल्लीत चिप असते. दोन किल्ल्या एकमेकींना खेटून राहिल्या की गाडीचा गोंधळ होतो आणि ती आपल्यालाच चोर समजून इंजिन बंद करते. ठीक आहे, मानलं. पण गर्दीतला प्रत्येक जण मला काहीतरी सांगत होता, मागायला मात्र एकच बाई आली, आणि तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. शरण जाणं म्हणजे गप्प बसणं असं मला वाटायचं, आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशी मी गप्प बसले नाही, श्रद्धेनेही दिलं नाही, वैतागून दिलं. तरी ते घेतलं गेलं. याबद्दल मी देवीची ऋणी आहे आणि तिच्यावरचा आरोप लेखी मागे घेते.

आजवर मागण्या मी सरकारदरबारी केल्या. ही तुमच्याकडे आहे. देवाची म्हणून जी वस्तू तुम्ही मुठीत आवळून बसलायत, ती मागायला आज कोणी दारात आलं, तर कारण विचारू नका, मुहूर्त काढू नका. मूठ उघडा आणि देऊन टाका.